'अनकूथ' आहे, मग 'कूथ' कुठे गेला?

अनाहूता

रीतभात नसलेल्या, ओबडधोबड वागणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'अनकूथ' म्हणतात. शब्दाच्या तोंडाशीच नकाराचा 'अन' उभा आहे. तो काढला की 'कूथ' उरतो आणि त्याचा अर्थ 'सुसंस्कृत' असायला हवा. पण असा शब्द कुणाच्या बोलण्यात येत नाही.

म्हणून व्युत्पत्ती शोधत गेले, तर असभ्यपणाचा मुळात पत्ताच नाही. जुन्या इंग्रजीत 'कूथ' म्हणजे माहीत असलेला, ओळखीचा. 'अनकूथ' म्हणजे अनोळखी, बस्स. बेवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात राक्षसिणीच्या डोहाकडे जाणारी अरुंद वाट 'अनकूथ' आहे, म्हणजे कुणाच्या पायाखालची नसलेली. वाटेला कोण कशाला असभ्य म्हणेल? सोळाव्या शतकात मात्र त्याच शब्दाला 'अडाणी, बेंगरूळ' असा वास येऊ लागतो आणि पुढे तोच अर्थ उरतो.

कूथ नाहीसा कसा झाला हा एक प्रश्न. पण मला जास्त छळतो तो दुसरा: 'अनोळखी' या निरुपद्रवी शब्दावर असभ्यपणाचा डाग पडला कसा? मला वाटतं, जो आपल्या ओळखीचा नाही तो आपल्याहून खालचा, हा माणसांचा फार जुना ग्रह आहे आणि तो या शब्दात जसाच्या तसा राहिला आहे. तुम्हाला पटतं का? संस्कृत-मराठीत असं काही झालेलं आहे का? जाणकारांनी लिहावं.

टिवल्याबावल्या

मराठी माणसाला 'कूथ' म्हणजे सुसंस्कृत हे पटवणं महाकठीण. शब्द कानावर पडल्याबरोबर भलतंच दृश्य डोळ्यांपुढे येतं.

हिमकण

टिबा :)))

धाग्याची वाचनखूण साठवली. जुना_कोश कुठे आहेत? त्यांना हाक मारा कुणीतरी.

जुना_कोश

हाक ऐकू आली.

अनाहूता, तुम्ही 'अनोळखी' लिहिलंत ते बरोबरच आहे, पण याहून जवळचा शब्द आपल्याकडे पडून आहे: अज्ञात. 'अनकूथ' आणि 'अज्ञात' एकाच घरातून निघालेले आहेत. नुसता अर्थ जुळतो असं नाही, घडणही तीच.

'अज्ञात'चे तीन तुकडे पाडा. पुढे नकाराचा 'अ', मध्ये 'ज्ञा' म्हणजे जाणणे, शेवटी 'त', ज्याने 'जाणलेला' असं विशेषण होतं. 'अनकूथ'मध्येही हेच तीन तुकडे याच क्रमाने आहेत. फक्त जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत मूळच्या 'ग'चा 'क' झाला आणि 'त'चा 'थ'. जर्मन भाषाशास्त्रज्ञ जेकब ग्रिमने १८२२ मध्ये हे बदल नीट मांडले म्हणून त्याला ग्रिमचा नियम म्हणतात. आपला 'त्रि' तिकडे 'थ्री' होतो तो याच नियमाने. संस्कृतात या ठिकाणच्या मूळ 'ग'चा 'ज' झाला. म्हणून आपला जानु म्हणजे गुडघा, तिकडे 'नी'. आपलं 'ज्ञा', तिकडे 'नो'. या दोन्ही इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला न उच्चारला जाणारा 'क' लिहितात ना, तो या जुन्या 'ग'चाच वारस. काही शतकांपूर्वीपर्यंत इंग्रज तो स्वच्छ उच्चारत असत.

लॅटिनमध्ये हाच शब्द 'इग्नोटस', ग्रीकमध्ये 'अग्नोतोस', गॉथिक या लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेत 'उन्कुन्थ्स'. सगळीकडे अर्थ 'माहीत नसलेला'. शिवी झाली ती एकट्या इंग्रजीत.

मेघवेडी

अंगावर काटा आला वाचताना. पण एक शंका. गॉथिकमध्ये 'कुन्थ' आहे, इंग्रजीत 'कूथ'. मधला 'न' कोणी खाल्ला?

जुना_कोश

मेघवेडी, नेमकं पकडलंत. 'थ', 'स', 'फ' यांच्या आधीचा अनुनासिक इंग्रजीच्या पूर्वजाने गाळला आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. जर्मन भाषेने तो ठेवला. म्हणून जर्मन 'मुंड' आणि इंग्रजी 'माउथ', जर्मन 'गान्स' आणि इंग्रजी 'गूस', जर्मन 'फ्युन्फ' आणि इंग्रजी 'फाइव्ह'. आता शेजारी संस्कृत शब्द ठेवून बघा: हंस आणि गूस, पंच आणि फाइव्ह, दंत आणि टूथ.

आता हे आपल्या ओळखीचं वाटायला हवं, कारण मराठीने स्वतंत्रपणे तसंच काहीसं केलं. दंतचा दात, पंचचा पाच. स्वर लांबला, अनुनासिक विरत गेला. जुन्या लेखनात 'दांत', 'पांच' असे अनुस्वार दिसतात ते त्या वाटेवरचे. दोन्ही भाषांचा इथे एकमेकींशी काही संबंध आला नव्हता, तरी तोंडाने सोपी वाट तशीच काढली.

रामप्रहर

थोडक्यात, इंग्रजी संस्कृतातून निघाली हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. अज्ञातपासून अनकूथ.

दूरस्थ

रामप्रहर, नाही हो. 'अज्ञातपासून' नाही, 'अज्ञातसोबत'. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यातल्या भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या साम्याबद्दल सांगितलं तेव्हाही त्याचं म्हणणं हेच होतं की या तिन्ही एखाद्या समान मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ आता कदाचित उरलेलंही नसेल. आई शोधायला गेलो आणि तीन बहिणी सापडल्या, असा तो प्रकार आहे.

शिवाय नुसत्या सारख्या आवाजावर जाऊ नये. फारसीत 'बद' म्हणजे वाईट, इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट. दिसायला जुळे, पण नातं शून्य, निव्वळ योगायोग. उलट 'पंच' आणि 'फाइव्ह' कानाला परके वाटतात आणि ते सख्खे निघतात. नातं ठरतं ते ध्वनी नियमाने बदललेत का यावर.

रामप्रहर

योगायोगाचं उदाहरण मान्य. पण बहिणींत थोरली कोण, हा प्रश्न तरी विचाराल की नाही? ऋग्वेदाइतकं जुनं काय आहे तुमच्या गॉथिककडे?

जुना_कोश

जुनं काही नाही. गॉथिकमधलं बहुतेक साहित्य चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरातून आपल्यापर्यंत आलं. ऋग्वेद त्याच्या कितीतरी आधीचा, आणि म्हणूनच या अभ्यासात संस्कृतचं वजन इतकं मोठं. पण थोरली बहीण म्हणजे आई नव्हे. संस्कृतात मूळच्या 'ए' आणि 'ओ' या ऱ्हस्व स्वरांचा 'अ' झाला, ग्रीकने ते वेगळे सांभाळले. म्हणजे काही जुन्या गोष्टी धाकटीच्याच पेटीत राहिल्या आहेत.

सूत्रधार

नकाराकडे या. अनाहूता यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या व्याकरणात आहे असं मला ठामपणे वाटतं.

पाणिनी नकाराला 'नञ्' म्हणतो. 'नलोपो नञः' या सूत्राने 'न'मधला न् गळतो आणि 'अ' उरतो: अज्ञात, अधर्म. पुढे स्वर आला की 'तस्मान्नुडचि', न् परत येतो: अनंत, अनादि, अनाहूत. (धागाकर्तीचं नावच उदाहरण!) ग्रीकमध्ये हुबेहूब हीच व्यवस्था आहे. व्यंजनापुढे 'अ', म्हणून 'अॅटम', न कापता येणारा. स्वरापुढे 'अन', म्हणून 'अॅनार्की', राज्यकर्ता नसलेली अवस्था. इंग्रजीचा 'अन' मात्र स्वर असो की व्यंजन, आहे तसाच राहतो.

आता मुद्दा. नञ् म्हणजे केवळ उलट अर्थ असं आपले वैयाकरण मानतच नव्हते. प्रसिद्ध श्लोक आहे:

तत्सादृश्यमभावश्च तदन्यत्वं तदल्पता।
अप्राशस्त्यं विरोधश्च नञर्थाः षट् प्रकीर्तिताः॥

सहा अर्थ. 'अनुदरा कन्या' म्हणजे पोटच नसलेली मुलगी नव्हे, सडपातळ बांध्याची, ही अल्पता. 'अधर्म' हा विरोध. आणि 'अप्राशस्त्य' म्हणजे ती वस्तू आहे, पण नाव घेण्याजोगी नाही. मराठीतलं चोख उदाहरण म्हणजे 'अवेळ'. अवेळी आलेला पाहुणा वेळ नसताना येत नाही, नको त्या वेळी येतो. नकार लावला की त्याला नापसंतीची छटा चिकटू शकते हे या लोकांनी सूत्रबद्ध करून ठेवलं होतं. 'अनकूथ' अभावाकडून अप्राशस्त्याकडे सरकला, इतकंच.

पुस्तककिडा

सूत्रधार, काय सुरेख! दंडवत घ्या.

अनाहूता यांच्या मताला लॅटिनकडून एक साक्षीदार देतो. 'नोबल' म्हणजे थोर, उमराव. हा 'नोबिलिस'वरून, त्याचं आणखी जुनं रूप 'ग्नोबिलिस', म्हणजे जाणण्याजोगा, सगळ्यांना माहीत असलेला. तोच 'ज्ञा'! आणि 'इग्नोबल' म्हणजे ज्याला कोणी ओळखत नाही तो, म्हणून हलक्या कुळातला, म्हणून नीच. आपल्याकडे नामांकित आणि नगण्य यांत जसं अंतर पडतं तसं. माहीत असलेला तो मोठा आणि माहीत नसलेला तो हलका, हा हिशेब रोमनांनी इंग्रजांच्या कितीतरी आधी मांडला होता.

आणखी एक गंमत. जुना इंग्रजी कवी चॉसरने लिहून ठेवलंय की जो अज्ञात, त्याचं चुंबन कोण घेणार. १५७९ मध्ये स्पेन्सरच्या काव्याच्या प्रस्तावनेत हेच वचन चॉसरच्या नावावर आलं, पण 'अननोन'च्या जागी 'अनकूथ' घालून. कवी नवखा होता, त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून प्रस्तावना लिहिणाऱ्याने ते वापरलं. म्हणजे १५७९ मध्येही 'अनकूथ'चा साधा 'अपरिचित' अर्थ जिवंत होता. असभ्य हा अर्थ शेजारी येऊन बसला होता, पण जुन्या अर्थाने अजून घर सोडलं नव्हतं.

टिवल्याबावल्या

अनकूथ म्हणून चुंबन नाही, की चुंबन नाही म्हणून अनकूथ झाला?

तिरकस

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून विरोधाला उभा राहतो.

'अनोळखीचा असभ्य झाला, कारण माणूस परक्याला तुच्छ लेखतो' हे ऐकायला छान आहे, पण एका शब्दावरून माणसाच्या स्वभावाचा निकाल लावणं मला मान्य नाही. याच शब्दाचं स्कॉटलंडमधलं रूप बघा: 'अनको'. तिथे 'अनोळखी'चा 'विलक्षण' झाला आणि 'विलक्षण'चा चक्क 'अतिशय'. 'अनको चांगला' म्हणजे फार चांगला, भलताच चांगला. तोच शब्द, तीच सुरुवात, आणि तुच्छता औषधालाही नाही. आपल्या 'भयंकर'चं तेच झालं ना? भयंकर सुंदर म्हणताना कोण घाबरतं?

परकं ते विचित्र वाटतं इथपर्यंत ठीक. विचित्र वाटल्यावर शब्द हलक्याकडे जाईल, अद्भुताकडे जाईल की नुसता जोर देण्यापुरता उरेल, हे त्या त्या भाषेतल्या वापरावर ठरतं. तुम्ही हलक्याकडे गेलेला एक वेचलात आणि त्यावर सिद्धान्त उभा केलात.

अनाहूता

तिरकस, 'अनको'चं उदाहरण जोरदार आहे. पण एकच वेचला म्हणता, तर वर पुस्तककिडा यांनी 'इग्नोबल' दिलाच आहे. नकार सोडला तरी हीच ओळ दिसते. 'व्हिलन' मुळात लॅटिन 'व्हिला'शी, म्हणजे शेतवाडीशी, बांधलेला शेतमजूर, आणि असंस्कृत माणसाला म्हणतात तो 'बूर' मुळात शेतकरी. आपल्याकडे 'ग्राम्य' म्हणजे खरं तर गावाचा, पण भाषा ग्राम्य आहे म्हटलं की ती शिवराळ ठरते, आणि 'नागर' तेवढं सभ्य. कोश लिहिणारे आणि पोथ्या नकलणारे बहुधा शिकलेले, दरबाराजवळचे लोक. त्यांना जो अपरिचित तो असभ्य. ज्यांना असभ्य म्हटलं त्यांनी लेखणी हातात घेतली असती तर शब्द दुसरीकडे गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

मेघवेडी

मी दोघांच्या मध्ये उभी राहते. 'नाइस' बघा! लॅटिन 'नेस्कियस' म्हणजे न जाणणारा, अजाण. पुढचा 'ने' नकाराचा. इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. मग लाजाळू, मग चोखंदळ, मग नाजूक, आणि अठराव्या शतकात छान. म्हणजे 'ज्याला कोणी जाणत नाही' तो रानटी झाला आणि 'जो काही जाणत नाही' तो गोड! मला हे फार आवडतं.

सूत्रधार

आणि मेघवेडी, या 'नेस्कियस'ला तोडीस तोड मराठीत आहे: नेणता. न आणि जाणणे मिळून 'नेणणे'. ज्ञानेश्वरीत 'नेणे', 'नेणती' पावलोपावली भेटतात. नकार क्रियापदात इतका मुरला आहे की वेगळा काढताच येत नाही. आजही लहान मुलाला 'नेणतं लेकरू' म्हणतात तेव्हा त्यात राग नसतो, मायाच असते. नेणता वेगळा आणि अज्ञानी वेगळा, हे भाषेला पक्कं ठाऊक आहे.

हिमकण

+१. 'नेणतं'मध्ये जी कोवळीक आहे ती दुसऱ्या शब्दात नाही.

साठवणदार

थोडं अवांतर, पण नकाराच्या उपसर्गावरून जीव जाऊ शकतो म्हणून लिहितो. रसायनांच्या गोदामांशी माझ्या कामाचा संबंध आहे. 'इन्फ्लेमेबल' लिहिलेला पिंप बघून नवीन माणूस 'म्हणजे हा पेटत नाही' असं म्हणतो, हे मी प्रत्यक्ष ऐकलं आहे. इथला 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये 'इन' म्हणजे 'आत' असाही उपसर्ग आहे आणि 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे. दोन वेगळे उपसर्ग दिसायला एकसारखे. हा घोळ धोक्याचा आहे म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संघटनेने १९२० च्या दशकात 'इन' काढून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आज सूचनाफलकांवर तेच छापतात. एखादा शब्द सुरक्षेसाठी मुद्दाम बदलून घेतला, आणि तो खरोखर रुळला, अशी उदाहरणं कमी असतील.

खडूफळा

साठवणदार, अवांतर कसलं, हे शाळेच्या पुस्तकात हवं.

मी इंग्रजी शिकवते. उपसर्गांच्या पाठात मुलं झपाट्याने उलटे शब्द करतात आणि मग 'डिसग्रंटल्ड' म्हणजे नाराज, त्यापाशी अडतात. 'मग ग्रंटल्ड म्हणजे खूश का?' हा प्रश्न कुणीतरी हमखास विचारतं. मी फळ्यावर आधी 'ग्रंट' लिहिते, म्हणजे डुकराचं घुरघुरणं. 'ग्रंटल' म्हणजे पुन्हा पुन्हा घुरघुरत राहणं, कुरकुरणं. आणि इथला 'डिस' उलट करणारा नाही, जोर देणारा आहे: पुरेपूर, अगदी. म्हणजे डिसग्रंटल्ड माणूस मनसोक्त कुरकुरलेला. सतराव्या शतकातला शब्द. 'ग्रंटल्ड' हा खुशीचा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो विनोदी लेखक वुडहाऊसने, १९३८ च्या एका कादंबरीत विनोदासाठी.

हे सांगितल्यावर मुलं उपसर्गाला घाबरत नाहीत, पण त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवत नाहीत. मला तेवढंच हवं असतं.

टिवल्याबावल्या

मुलांना मराठीतलेही द्या की. अचाट माणूस असतो, चाट माणूस नसतो. अफाट असतं, फाट नसतं. अवाढव्य हत्ती बघितला, वाढव्य हत्ती अजून दिसायचा आहे. आणि अजागळ पोराला सुधारलं की ते जागळ होतं का?

सूत्रधार

टिबा, अजागळातला 'अ' नकाराचा नाही! अजा म्हणजे शेळी, गल म्हणजे गळा. शेळीच्या गळ्याशी लोंबतात त्या मांसल पिशव्या, ज्यातून दूध निघत नाही. संस्कृतात 'अजागलस्तन' म्हणजे निरुपयोगी गोष्ट. त्यावरून अजागळ. तुमचा जागळ कधी जन्मालाच आला नव्हता.

खरा नकार हवा असेल तर 'अनवाणी' घ्या. अन आणि वहाण. 'वहाण' आपण रोज म्हणतो, तरी 'अनवाणी' म्हणताना ती पायातली वहाण कुणाला आठवते? इंग्रजी 'अनकेम्प्ट'चं तसंच. 'कोम' म्हणजे कंगवा, त्याचं जुनं क्रियापद 'केम्ब', म्हणजे विंचरणं. अनकेम्प्ट म्हणजे केस न विंचरलेला. कंगवा हातात आहे, शब्दातला दिसत नाही.

टिवल्याबावल्या

शेळी?! पन्नास जणांना जागळ ऐकवून झालंय माझं. आता शेळी ऐकवतो.

दूरस्थ

चुकीचा 'अ' तोडण्यावरून मूळ प्रश्नाशी जोडणारी एक गोष्ट.

'कूथ' वापरातून गेला होता खरा, पण १८९६ च्या सुमारास तो 'सभ्य' या अर्थाने पुन्हा अवतरला. हा जुना 'ओळखीचा' वाला कूथ नव्हे. कुणीतरी 'अनकूथ'चा 'अन' गमतीने तोडला आणि उरलेल्याला उलट अर्थ दिला. बापाआधी मुलगा जन्मला म्हणा.

संस्कृतात हे गमतीने नाही, गंभीरपणे झालं. ऋग्वेदात 'असुर' ही मानाची पदवी आहे, वरुणाला लावतात, अग्नीला लावतात. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या 'अहुर मज्द'मधला अहुर तोच. पुढे असुर म्हणजे देवांचे शत्रू असा अर्थ पक्का झाला, आणि लोकांनी पहिला 'अ' नकाराचा समजून तोडला. उरला 'सुर', तो झाला देव! मुळात नकार नव्हताच.

दुसरं उदाहरण विधवा. लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो', सगळे एकाच मूळ शब्दाचे, वेगळं पडणं या अर्थाच्या धातूवरून. पण संस्कृतात सुरुवातीचा 'वि' उपसर्गासारखा दिसतो. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या जुन्या ग्रंथात, 'धव नसलेली ती विधवा' अशी फोड आहे. मग 'धव' म्हणजे पती हा शब्द चालूच पडला, इतका की माधव म्हणजे 'मा' अर्थात लक्ष्मी, तिचा धव, असा अर्थ परंपरेने लावला. 'कूथ'ला असा माधव मिळाला नाही.

पुस्तककिडा

'कूथला माधव मिळाला नाही'! हे मी कुठेतरी वापरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

रामप्रहर

सुर असुरातून निघाला हे पहिल्यांदाच वाचलं. पचायला वेळ लागेल. सुरा प्याले ते सुर आणि नाही प्याले ते असुर अशी कथा रामायणात आहे ना?

दूरस्थ

आहे, समुद्रमंथनाच्या प्रसंगात. वारुणीचा स्वीकार केला ते सुर आणि नाकारलं ते असुर. ती कथाही 'अ' नकाराचा धरूनच रचलेली आहे. शब्द आधी तुटला, कथा मागून आली.

खडूफळा

माझा एक प्रश्न बरेच दिवस पडून आहे. स्पेलिंग 'साउथ', 'माउथ' यांच्यासारखंच असून उच्चार 'अनकाउथ' का होत नाही?

जुना_कोश

व्हायलाच हवा होता. तिन्हींत जुना स्वर 'ऊ' होता: सूथ, मूथ, कूथ. पंधराव्या शतकापासून इंग्रजीतले दीर्घ स्वर एकापाठोपाठ सरकले, त्यात 'ऊ'चा 'आउ' झाला. हाऊस, माऊस, साउथ सगळे गेले. उत्तरेकडच्या बोलींत मात्र हा 'ऊ' सरकला नाही, आणि 'अनकूथ'चा आजचा उच्चार त्या उत्तरेच्या बोलींतून आलेला आहे.

अनाहूता

उच्चारही परगावचाच निघाला! :)

आता पहिल्या प्रश्नावर कोणी बोलेल का? 'कूथ' गेला का? 'अनकूथ' टिकला का?

जुना_कोश

कूथ गेला असं मी म्हणणारच नाही. तो वेश बदलून तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे.

'कॅन' म्हणजे शकणे, हा मुळात जाणणे. पोहता येतं म्हणजे पोहणं जाणतो. मराठीत 'येणे' जसं ज्ञान आणि सामर्थ्य दोन्ही सांगतं तसं. त्याचा भूतकाळ 'कूथे', तोच आजचा 'कुड'. त्यातला मुका 'ल' खोटा आहे. 'शुड' आणि 'वुड' यांच्यात मुळात 'ल' होता, त्यांच्या पंगतीला बसवण्यासाठी पंधराव्या-सोळाव्या शतकात लेखनिकांनी 'कुड'मध्येही तो घुसडला. 'किथ अँड किन'मधला किथ म्हणजे ओळखीपाळखीचे लोक, तोही कूथचाच नातलग. स्कॉटलंडमध्ये 'कूथी' अजून जिवंत आहे, अर्थ जिव्हाळ्याचा, घरगुती. बघा, परका तो असभ्य झाला तसा ओळखीचा तो जिव्हाळ्याचा झाला.

'माहीत असलेला' या साध्या अर्थासाठी मात्र 'नोन' हा शब्द समोर होता, 'नो' या रोजच्या क्रियापदाला धरून असलेला, कुणालाही घडवता येणारा. त्यापुढे कूथ उगाच दुसरा ठरला. 'अनकूथ'चंही तेच झालं असतं, 'अननोन' तयारच होता. पण तोवर अनकूथने वेगळं काम पत्करलं होतं. असभ्य, ओबडधोबड या अर्थाला त्याला पर्यायी शब्द सहज मिळत नव्हता. म्हणजे अनाहूता, ज्या डागाबद्दल तुम्हाला वाईट वाटतं, त्या डागामुळेच तो शब्द वाचला आहे.

तिरकस

हे मला पूर्ण पटलं. 'रूथलेस' आहे आणि 'रूथ' नाही, त्याचंही असंच असावं. रूथ म्हणजे दया, तिच्या जागी 'पिटी', 'मर्सी' आले. निर्दयाला मात्र रूथलेस हवाच होता.

अनाहूता

जुना_कोश, खूप आभार. डागामुळे वाचला हे मी मान्य करते, पण डाग कुणी पाडला हा माझा प्रश्न त्याने संपत नाही. कूथीचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिरकस, आता बोला.

तिरकस

बोलतो, पण 'अनकॅनी' म्हणजे गूढ, अस्वस्थ करणारं, हा शब्द घेऊन. तोही 'अन' आणि 'कॅन'चाच. त्यात अनोळखीची भीती आहे, तुच्छता नाही. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरीने १९७० मध्ये माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवांविषयी लिहिलं, त्या कल्पनेला इंग्रजीत 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात. जवळजवळ ओळखीचं, पण पुरतं नाही, म्हणून अंगावर शहारा. तुच्छता असती तर शहारा आला नसता.

मेघवेडी

यावर वेगळा धागा काढा, इथे तो दबून जाईल. तिरकस, तुम्हीच काढा. आणि 'कॅनी'चा 'कनिंग'शी काय संबंध तेही त्यात लिहा.

टिवल्याबावल्या

नवीन धाग्यावर पहिला प्रतिसाद माझा. शेळी घेऊन येतोय.